लिफ्ट बंद ठेवून केलेली तपासणी

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. आईला नाही. जिच्यापासून काहीच लपत नाही अशी एक मैत्रीण आहे, तिच्यापासूनही हे लपलं. तुम्हाला सांगते आहे — कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणूनच.

मी अमरावतीला राहते. इमारतींमध्ये नेटवर्कच्या केबल टाकून घेणं आणि टाकलेल्या तपासणं, हे माझं काम. या केबलमध्ये बारीक तारांच्या जोड्या असतात, प्रत्येक जोडीला पीळ घातलेला. पीळ कशासाठी? बाहेरून विजेचा गोंगाट आला — मोटारीचा म्हणा, जनरेटरचा म्हणा — तर तो दोन्ही तारांवर सारखाच पडावा. पलीकडच्या टोकाला दोन तारांमधला फरक तेवढा वाचला जातो. जे दोन्हींवर सारखं पडलं, ते आपोआप गळून जातं. मला हे काम आवडायचं. अजूनही आवडतं, आणि तेही सांगायला लाज वाटते.

अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात नवा अतिदक्षता विभाग बांधला, तेव्हा तिथलं काम माझ्याकडे होतं. प्रत्येक खाटेजवळच्या मॉनिटरवरून एक केबल निघून सिस्टरांच्या टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनपर्यंत जायची. टेबलाशी बसून सगळ्यांचे ठोके, सगळ्यांचा श्वास दिसावा, म्हणून. कोपऱ्यात काचेची एक बंद खोली होती, संसर्गाच्या रुग्णांसाठी. तिचं दार लावलं की आतला आवाज बाहेर येत नसे. त्या खोलीतला रुग्ण दिसायचा तो फक्त स्क्रीनवर.

त्या खोलीची केबल छतातून लिफ्टच्या जाड वायरीला लागून गेली होती. इलेक्ट्रिशियननं विचारलं होतं, "मॅडम, लिफ्टची वायर छतातल्या तुमच्याच पट्टीतून नेऊ का? दुसरी जागाच नाही." आणि मी घाईत मान हलवली होती. शिवाय भिंतीतल्या सॉकेटपाशी त्या केबलचा पीळ जरुरीपेक्षा जास्त उकलला गेला होता. कोणी उकलला? मीच. ते टोक मी स्वतः बसवलं होतं.

तपासताना लिफ्ट वर निघाली आणि माझ्या तपासणीच्या यंत्रावर चुकाच चुका दिसायला लागल्या. लिफ्ट थांबली — सगळं स्वच्छ. पुन्हा निघाली — पुन्हा चुका. काय झालंय ते मला तेव्हाच कळलं होतं. छत उघडावं लागणार होतं. रंग वाळलेला, उद्घाटनाचे हार येऊन पडलेले. मी खाली जाऊन लिफ्टवाल्याला म्हटलं, थोडा वेळ बंद ठेव. मग वर येऊन तपासलं.

पास.

नंतर येऊन दुरुस्त करू, असं मनाशी म्हणाले. गेले का? नाही. पुढचं काम आलं, त्याच्या पुढचं आलं, आणि अकोल्यावरून बस गेली की मी खिडकीतून दुसऱ्या बाजूला बघायचे.

मग दवाखान्यातून फोन आला.

काचेच्या खोलीत तेल्हाऱ्याचे एक गुरुजी होते, निवृत्त शिक्षक. भेटीच्या वेळेत त्यांचा श्वास मंदावत गेला आणि कुणाला कळलंच नाही. डॉक्टर फेरीला आले तेव्हा धावपळ झाली. गुरुजी वाचले. पण त्यांची वाचा गेली. आयुष्यभर वर्गात बोलत आलेला माणूस — पुढे फक्त बोटानं दाखवायचा, असं ऐकलं.

त्या वेळी टेबलाशी होती नसरीन सिस्टर. बाळापूरची, विशी नुकतीच ओलांडलेली, घराण्यातली पहिली नर्स. ती एकच सांगत होती — स्क्रीनवर सगळं ठीक दिसत होतं. मॅनेजर म्हणत होते, ती डुलकी घेत असणार, नाहीतर मोबाईल बघत असणार. तरी त्यांनी मला बोलावलं. केबल तपासा, म्हणाले, म्हणजे प्रश्न मिटेल.

भेटीची वेळ. त्याच वेळात लिफ्ट सारखी वर-खाली होते ना? बसमध्येच मला सगळं समजलं होतं. लिफ्ट चालली, लाईन तुटली, आणि स्क्रीनवर आधीचं चांगलं चित्र तसंच अडकून राहिलं.

मी पोचले तेव्हा नसरीन जिन्यापाशी उभी होती. माझ्या हातातलं यंत्र बघून पुढे आली.

"मॅडम, तुमी नीट पाहा न. मी खरं बोलून राहिली. स्क्रीनवर सारं बरोबर होतं. अल्लाकसम, मी जागीच होती."

"बघते," मी म्हणाले.

बघितलं. दुपार टळत होती, विभागात सामसूम होती. मॅनेजर माझ्या शेजारी उभे. लिफ्ट खाली गप्प उभी होती. मला एवढंच म्हणायचं होतं — जरा लिफ्ट चालू करायला सांगा. एवढंच! शब्द तोंडापर्यंत आला होता. बाहेर कुणीतरी लिफ्टचं बटण दाबेल, या भीतीनं माझे कान दाराकडे लागले होते. बटण दाबलं जाऊ नये म्हणून मी देवाचं नाव घेतलं. हो, देवाचं.

कुणी दाबलं नाही.

"लाईन बरोबर आहे," मी म्हणाले.

मॅनेजरांनी मान डोलावली. नसरीननं माझ्याकडे पाहिलं — रागानं नाही. गोंधळून. मग ओढणी सावरून जिना उतरून गेली. त्याच आठवड्यात तिला काढलं. अकोल्यात दुसऱ्या कुठल्या दवाखान्यानं तिला घेतलं नाही.

इथवर सांगून थांबता आलं असतं. भित्रेपणा केला म्हणाले असते, तुम्हीही समजून घेतलं असतं. पण थांबता येत नाही, कारण खरी गोष्ट याच्या नंतरची आहे.

काही दिवसांनी मी पुन्हा तिथे गेले. नेहमीची देखभाल आहे, असं सांगितलं. छताची एक फळी काढली, ती केबल लिफ्टच्या वायरीपासून दूर नेली, टोक कापून नव्यानं बसवलं, पीळ अगदी सॉकेटपर्यंत राखला. मग लिफ्ट चालू ठेवून तपासलं. एकही चूक नाही.

रुग्णांसाठी केलं, असं तेव्हा मनाला सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण कापलेलं टोक मी पर्समध्ये घातलं आणि अमरावतीला उतरल्यावर नाल्यात टाकलं. ते कुणासाठी? त्या केबलमध्ये नसरीनचं खरं होतं. तिच्या बाजूनं बोलणारी तेवढीच एक गोष्ट होती, आणि ती मी माझ्या हातानं पुसली. आता कुणी कितीही तपासलं तरी नसरीनच खोटी ठरणार होती.

गेल्या वर्षी ती मला अमरावतीत भेटली. कापडाच्या दुकानात, काउंटरच्या पलीकडे. लग्न होऊन इकडे आली होती, दुकान सासरच्यांचं होतं. तिनंच ओळखलं. चहा मागवला. मला उठून पळावंसं वाटत होतं आणि मी बसून राहिले.

गुरुजींचा विषय तिनंच काढला.

"तुमी एवढ्या दुरून आल्या, तपासलं. बाकी कोणी तर माझं ऐकूनही घेतलं नाही," ती म्हणाली. थोडा वेळ कापडाची घडी सारखी करत राहिली. "मले पहिले वाटे, मी जागीच होती. पण मशीन कशी खोटी बोलीन? लागला असन माझाच डोळा. त्या गुरुजींसाठी मी आजही दुवा मागते, मॅडम. माझ्यामुळे झालं न ते."

चहा माझ्या हातात होता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. सांगायला त्याहून सोपी वेळ मला कधीच मिळणार नव्हती.

"होतं असं कधी कधी," मी म्हणाले.

तिचा डोळा लागला नव्हता. ती जागी होती.