होई आनची सावड

आमच्या साडूंनी मदत केली नाही असा माणूस भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत सापडणार नाही, आणि त्यांच्या मदतीतून सुखरूप सुटलेला माणूस तर अजिबातच सापडणार नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्कांचे, यजमान. वय सदुसष्ट, उंची बेताची, डोक्यावर टोपी, आणि पानशेतच्या पुढे पाण्याकडे उतरत जाणारी भाताची चार खाचरं. आमच्याकडे भातलावणीला सावड चालते. आज तुम्ही माझ्या खाचरात राबा, उद्या मी तुमच्या खाचरात राबतो, मजुरीचं नाव काढायचं नाही. बाकीचे लोक ही सावड लावणीपुरती ठेवतात, साडूंनी ती अख्ख्या आयुष्याला लावली आहे. एकदा कापूरहोळच्या फाट्यावर त्यांची एसटी चुकली, तेव्हा भोंगवलीच्या एका मोटरसायकलवाल्याने त्यांना भोरपर्यंत आणून सोडलं. तो बिचारा विसरूनही गेला. पाच महिन्यांनी साडू विळा घेऊन सकाळी सकाळी त्याच्या अंगणात हजर! त्याने आधी ओळखलं नाही, मग ओळखलं आणि मग तो घाबरला, कारण त्याचा होता ऊस, आणि तोडीला अजून दोन महिने होते. साडू रिकाम्या हाताने परतणारे नव्हेत. त्याच्या गोठ्याचं छप्पर शाकारूनच ते घरी आले.

हेच उलटही चालतं. शनिवार-रविवारी पानशेतला येणाऱ्या एका पुणेकर जोडप्याची गाडी त्यांनी चिखलातून ढकलून दिली आणि निघताना काचेतून सांगितलं, "सोमवारी लावणी हाय. दोघं बी या." आणि काय सांगावं, ते आले! हातमोजे घालून आले, दिवसभर वाकले, फोटो काढले. संध्याकाळी साडूंनी त्यांना चहा पाजून मोकळं केलं, "आता तुमचं फिटलं. जावा निवांत." त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. ते कमरेच्या दुखण्याचं होतं की दुसऱ्या कशाचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

साडूंची दुसरी खोड म्हणजे 'बगू'. कुठल्याही प्रश्नाला त्यांनी जन्मात हो किंवा नाही असं उत्तर दिलेलं नाही. जेवणार का? बगू. मुलीला स्थळ पसंत आहे का? बगू. (लग्न झालं, नातवंडं झाली, पसंतीचं अजून बघणं चालू असावं.) या बगूमुळे त्यांचा मुलगा गेल्या वर्षी टेकीला आला. तो पुण्याला नोकरी करतो. पावसाळ्यात तंबू ठोकून पर्यटक उतरवणाऱ्या कुणा माणसाला ती चारही खाचरं दहा वर्षांच्या कराराने द्यायचं त्याने ठरवलं होतं. कागद तयार होते, फक्त साडूंची सही राहिली होती. "आप्पांना आता वाकवत नाही काका, आणि मला येता येत नाही," तो मला म्हणाला. त्याचंही खोटं नव्हतं. साडूंना विचारलं तर बगू. आणि मे महिन्याच्या शेवटी त्यांनी नेहमीसारखा तरवा, म्हणजे रोपांसाठी भाताचा वाफा, टाकून दिला. खाचरं द्यायची असतील तर तरवा कशाला, आणि द्यायची नसतील तर नाही का म्हणत नाहीत? सगळं घर बुचकळ्यात.

त्याच सुमारास आम्ही तिघं मित्र परदेशी निघालो होतो. मी, भोरला वह्या-पेनांचं दुकान चालवणारा. कापूरहोळला गॅरेज असलेले रफीकभाई. आणि एसटीतून निवृत्त झालेले आमचे कंडक्टर. जाणार होतो व्हिएतनाममधल्या होई आनला. तिथे सगळं जग जातं आणि जून महिन्यात स्वस्तात जातं, एवढीच आम्हाला माहिती. मुलाने साडूंचं तिकीट आमच्यात घुसवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, तिकडं त्यांचं डोकं शांत असेल. तुम्ही तेवढं हो म्हणवून घ्या." मी कबूल केलं. आज लाज वाटते, पण केलं. साडूंना विचारलं, "येणार का?" ते म्हणाले, "बगू," आणि ठरल्या दिवशी खुरपं घेऊन विमानतळावर आले. ते खुरपं तपासणीत काढून घेतलं, तेव्हा ते त्या जवानाला समजावत होते, "रिकाम्या हातानं कुनाच्या गावाला जायाचं व्हय? वाटंत काम निगालं म्हंजी?" विमानात हवाई सुंदरीने त्यांचा पट्टा लावून दिला. झालं! जेवणं उरकल्यावर साडू उठले आणि दोन्ही बाजूंच्या लोकांचे ट्रे गोळा करून तिच्या हातात देऊ लागले. एका गोऱ्या माणसाचं जेवण व्हायचं होतं, त्याचाही ट्रे गेला.

होई आनमध्ये तर आमच्या सगळ्यांचीच मती गुंग झाली. गल्लीतली सगळी घरं पिवळी, आणि दिवसाढवळ्या रंगीत कंदील टांगलेले. साडूंनी पहिला दिवसभर एकच प्रश्न विचारला, "लगीन कुनाचं हाय?" रफीकभाई स्कूटरींच्या सायलेन्सरशिवाय काही पाहीनात. कंडक्टर दर कोपऱ्यावर आम्हाला मोजत. हॉटेलातली बाई खोली आवरायला यायच्या आत साडू चारही पलंग आवरून बसलेले असत. ती दारात उभी राहून आमच्याकडे बघे आणि आम्ही तिच्याकडे बघत असू. कुणी कुणाचं काय फेडतंय, कुणालाच कळत नव्हतं. मी दोनदा खाचरांचा विषय काढला. पहिल्यांदा ते म्हणाले, "ह्या कंदिलात दिवा हाय का निस्ता कागूद?" दुसऱ्यांदा म्हणाले, "बगू."

तिसऱ्या दिवशी गाईडने आम्हाला गावाबाहेर नेलं. तिथे पर्यटकांना शेतकऱ्याचे कपडे आणि शंकूसारखी टोपी देतात, म्हशीवर बसवतात, चिखलात दहा रोपं लावायला लावतात, फोटो काढतात आणि पुढे पिटाळतात. आम्ही तिघांनी दहा-दहा रोपं लावली. साडू बांधावर उभे राहून आधीच्या पर्यटकांनी लावलेल्या वाकड्यातिकड्या ओळी बघत होते. त्यांचा चेहरा असा झाला होता, की जणू कुणी त्यांच्यादेखत भाकरी चुलीत टाकली. मग गाईड आम्हाला नदीवर टोपलीसारख्या गोल होड्या बघायला घेऊन गेला. होडीत बसता बसता कंडक्टर ओरडले, "थांबा! एक शीट कमी हाय!"

साडूंचा पासपोर्ट माझ्याकडे, भाषा त्यांना मराठीशिवाय येत नाही, आणि आक्कांना मी काय तोंड दाखवणार? धावत पळत शेतावर आलो. फोटोच्या त्या तुकड्यातलं एकूण एक रोप उपटून पुन्हा सरळ रांगेत लावलेलं होतं, आणि साडू बेपत्ता. गाईडने डोक्याला हात लावला. तो तुकडा नुसता दाखवायचा, तिथली रोपं रोज वाकडीच असायची. खरं शेत बांबूच्या पलीकडे होतं. तिथे जाऊन बघतो तर चिखलात एक म्हातारी, तिच्या दोन सुना आणि चौथ्या पातीवर, म्हणजे लावणीच्या चौथ्या पट्ट्यात, आमचे साडू! चौघं एका तालात मागे मागे सरकत होते. म्हातारी तिच्या भाषेत काहीतरी बोले, साडू म्हणत, "व्हय की! पानी जरा जास्तीच हाय," आणि ती मान डोलावून खरंच बांधातून पाण्याला वाट करून देई. आता हे कसं झालं, मला विचारू नका.

"साडूभाऊ, चला, गाडी थांबलीय!" मी ओरडलो.

"एवडी पात हू द्या, पाव्हनं. अर्दं टाकून जायाचं आसतं का?"

त्यांनी पात संपवली, हातपाय धुतले, आणि म्हातारीसमोर उभं राहून मला सांगितलं, "गाईडला सांगा तिला इचारायला. आमची लावनी आखाडात हाय. कवा यनार?"

माझं इंग्रजी वह्यांच्या वेष्टनावर असतं तेवढंच. मी गाईडला काहीतरी सांगितलं, गाईडने म्हातारीला काहीतरी सांगितलं. म्हातारी खूप हसली, मग हसायची थांबली. साडूंचं मनगट धरून तिने लांबलचक काहीतरी सांगितलं आणि तीनदा मान हलवली.

"व्हय म्हनली," साडू म्हणाले.

"कापूरहोळला उतरा म्हणावं, मी गाडी घेऊन येतो," रफीकभाई भारावून म्हणाले.

"पानशेतला कापूरहोळवरनं?" कंडक्टर खवळले. "ती बाई काय तालुका फिरायला येतीय? स्वारगेटवरनं थेट गाडी हाय!" त्यांनी कागदावर मराठीत रस्ता लिहून दिला. म्हातारीने तो टोपीत खोचला.

साडूंच्या घरी पोचलो तेव्हा मुलगा कागद घेऊन बसला होता. "मग आप्पा, करायची ना सही?"

"न्हाई," साडू म्हणाले.

आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा शब्द ऐकलेला नव्हता.

"तिकडली बाई सावड फेडाय यायची हाय. आली तर तिला काय तंबू दावू?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तंबूवाल्याने पुढे दुसरीकडे जागा घेतली. मुलगा आठ दिवस बापाशी बोलला नाही. पण आखाडात, लावणीच्या दिवशी, तो आणि सूनबाई पहिल्या गाडीने आले आणि थेट चिखलात उतरले. मीही नुसता बघायला म्हणून गेलो होतो. बांधाशेजारची एक पात रिकामी होती. साडू तिथे कुणाला उभं राहू देत नव्हते. दुपारी पानशेतकडून एसटी आली. साडू कमरेवर हात ठेवून उभे राहिले. दोन पोरी आणि एक दूधवाला उतरला आणि गाडी गेली. "लांबचा पल्ला हाय," ते म्हणाले. "आन तिकडं बी पाऊस आसंल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तवर तुमी ऱ्हावा हुबं तिच्या पातीवर."

चाळीस वर्षांत मी चिखलाला पाय लावला नव्हता. मी लावलेली ओळ होई आनच्या पर्यटकांनाही लाजवील अशी वाकडी गेली. आता साडू येणार आणि सगळं उपटणार म्हणून मी वाट बघत राहिलो. ते आले, बराच वेळ बघत उभे राहिले, आणि तसेच पुढे गेले.

"उपटत नाही का?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या. ती आल्यावर तिला बी काय काम नगं व्हय?"

ती येणार असं त्यांना खरंच वाटतं, की खाचरं राखायला त्या भल्या माणसाने आयुष्यात एकदाच एक निमित्त शोधलं, हे मला आजही कळलेलं नाही, आणि विचारलं तर ते काय म्हणतील हे मला ठाऊक आहे. यंदाही त्यांनी तरवा टाकला आहे. मला फोन आला होता, "पाव्हनं, ती पात मोकळीच ठेवनार हाय. तुमी या, पन ती आली तर तुमाला बांदावर बसाय लागंल." मी बसेन. आनंदाने बसेन.