पूर्णिमाताईंचे चाळीस प्रश्न

पूर्णिमाताई कांबळे आमच्याकडे आल्या तेव्हा मी मनात म्हटलं, घ्या, आता हे एक नवीन. वय चौतीस, राहणार कळंबा, अनुभव नऊ वर्षांचा, पण कशाचा? उद्यमनगरात ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटर सांभाळल्याचा. दुकान बंद पडलं, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता, म्हणून राजारामपुरीतल्या आमच्या आठ माणसांच्या सॉफ्टवेअर कंपनीत तपासणीच्या कामाला लागल्या. सहा महिन्यांच्या बोलीवर. पुढे कायम करायचं की नारळ द्यायचा, हे माझ्या शेऱ्यावर ठरणार होतं. मी अतुल, इथला इंजिनिअर. राग माझ्या नाकावर असतो, असं बायकोही सांगते.

दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर बनवणारी पुण्याची एक कंपनी आमची गिऱ्हाईक. त्यांच्या कोडच्या लाखो ओळी. त्यात हवं ते शोधून काम करायला एक एआय एजंट ठेवलेला. त्याच्या हाताशी शोधाची दोन साधनं. एक नेमका शब्द शोधतं, दुसरं अर्थावरून शोधतं. कुठलं कधी उचलायचं, हे एजंट ठरवतो ते फक्त साधनाबरोबर लिहिलेल्या चार ओळींच्या वर्णनावरून. ती वर्णनं माझी. अर्थशोधाबद्दल मी लिहिलं होतं, ‘अर्थावरून शोध. जलद, अचूक आणि सर्व प्रकारच्या शोधासाठी उत्तम.’ लग्नाच्या बायोडाटात मुलगा जसा निर्व्यसनी आणि मनमिळाऊ असतो, तसं.

चाचणीचे चाळीस प्रश्नही मीच काढले. एजंटने सदतीस वेळा योग्य साधन उचललं. शुक्रवारी अहवाल पुण्याला जायचा होता आणि तो पसंत पडला तर वर्षभराचं काम मिळणार होतं. पूर्णिमाताईंना मी फक्त आकडे ताडून बघायला सांगितले. मंगळवारी त्या कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

“सर, पेपर तुम्हीच काढलाय आणि उत्तरं बी प्रश्नातच घातलायसा की.”

“म्हणजे?”

“वर्णनात ‘अर्थावरून शोध’, प्रश्नात बी ‘अर्थावरून शोधा’. मग त्यानं दुसरं काय उचलायचं? दुकानात गिऱ्हाईक पार्टाचं नाव घिऊन येत न्हाय. गिअर टाकताना किर्र करतंय, त्ये द्या, म्हणतंय.”

“ट्रॅक्टर आणि कोड यात फरक असतो, ताई!” मी इतक्या जोरात ओरडलो की सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

“असंल की. पर मी दुसरं चाळीस लिवतो. बघा तर खरं.”

त्यांनी पुण्याच्या प्रोग्रामर लोकांकडून गेल्या वर्षीच्या तक्रारी मागवल्या आणि त्यातूनच, त्यांच्याच शब्दांत, प्रश्न काढले. ‘सकाळच्या दुधाची पावती दोनदा का निघते?’ काही ठिकाणी तर नुसती एररची ओळ चिकटवलेली. तीन प्रश्न त्यांचेच चुकले होते. ते त्यांनी बुधवारी स्वतः शोधून बदलले. मग चाचणी घेतली. चाळीसपैकी एकोणीस.

एररची ओळ समोर असतानाही एजंट माझ्या अर्थशोधाकडेच धावत होता, कारण तो सगळ्यासाठी उत्तम, असं मीच लिहून ठेवलं होतं. तेव्हा मनात काय आलं ते सांगतो. हा कागद अजून कुणी पाहिलेला नाही, सदतीस तसेच जाऊ द्यावेत. आणि या बाईला नारळ द्यावा. आज दोन्हीची लाज वाटते.

“सर, कुठलं साधन कशाला बसत न्हाय, त्ये लिवा की,” त्या म्हणाल्या. “काउंटरवर आमी पयलं त्येच सांगायचो. न्हायतर माणूस घरी जाऊन पार्ट ठोकून बसवतंय आणि मोडून परत आणतंय.”

गुरुवारी दिवसभर आम्ही दोघं वर्णनं लिहीत बसलो. ‘नेमकं नाव किंवा एररचा मजकूर माहीत असेल तर हे वापरू नका, शब्दशोध वापरा.’ आकडा एकतीसवर गेला, पुढे काही सरकेना.

“सदतीस सोडून एकतीस पाठवतोस? येडा हायस काय?” आमचे मालक राजवर्धन सर म्हणाले. मी दोन्ही आकडे पाठवले आणि पहिला खोटा का, तेही लिहिलं. पुण्याने वर्षाऐवजी तीन महिन्यांचं काम दिलं. राजवर्धन सर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात पूर्णिमाताईंचे सहा महिने संपत होते, माझ्या शेऱ्याचा फॉर्म भरायचा होता. काम कमी झालेलं, सर घुश्शात, म्हणून मी हात सैल सोडून लिहिलं. ‘प्रश्न गिऱ्हाईकाच्या भाषेत विचारतात. कामात कधीच चूक करत नाहीत. यांना कायम करावं.’ नियमाप्रमाणे सही करण्याआधी तो त्यांना वाचायला दिला.

“मधली ओळ खोडा, सर.”

“अहो, तुमच्याच भल्याची आहे.”

“तीन प्रश्न चुकलेते की माझं. ह्ये वाचून मालक माझं काम तपासायचं बंद करतील.”

मी खोडेना, तेव्हा त्यांनी पेन घेऊन स्वतःच ती ओळ खोडली. वर लिहिलं, ‘चाळीसात तीन चुका, स्वतः शोधल्या’ आणि खाली सही केली. कागद मी तसाच आत नेऊन दिला. राजवर्धन सरांनी त्या खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “ह्ये कुणी खोडलं?”

मी सांगितलं. त्यांनी पुढचं न वाचता मंजुरीची सही केली.