डोळ्यांचा वाटा

कोणी बघत असताना वाटेमावशींना एकटीनं खाता येत नसे. हातात भाकरी असली आणि समोरून कोणी गेलं, ओळखीचं असो वा नसो, त्या तुकडा मोडून पुढं करायच्या. घेणारा लाजला की म्हणायच्या, "बघितलंस न्हवं? मग डोळ्यांचा वाटा घे की." म्हणूनच अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या मागच्या आमच्या खोल्यांच्या रांगेत त्यांना वाटेमावशी हे नाव पडलं होतं. मावशी फासेपारधी समाजातल्या. मुलगा दिलीप टॉवेलच्या कारखान्यात वॉचमन म्हणून लागला, तेव्हा माळावरचं पाल सोडून त्या त्याच्याकडे आल्या. मी भिंतीपलीकडची शेजारीण, घरबसल्या टॉवेलच्या कडा शिवणारी.

त्यांचे वडील फासे लावून तितर, लावे धरायचे. शिकार पालावर आली की ती कोणी धरली याला फारसं महत्त्व नसे. फासा ज्याचा त्याचा वाटा, हाका घालायला गेला त्याचा, पालात आजारी पडलेल्या म्हातारीचा, आणि वाटणी चालू असताना कोणी येऊन उभा राहिला तर त्याचाही. पुढं शिकारीला बंदी आली, माळ उसाखाली गेले. मावशींची वाटणी मात्र सुटली नाही. कुठून तरी बोरं आणत, बांधावरचा तांदुळजा आणत, ओट्यावर त्याचे ढीग घालत आणि रांगेतल्या बायकांना हाका मारत. ढीग त्या घालायच्या, पण स्वतःचा उचलायच्या सगळ्यांच्या शेवटी.

एकदा मी म्हटलं, "मावशी, थोडं उद्यासाठी ठेवावं की."

"सगळ्यास्नी एकाच दिशी घावत न्हाय, बाई. आज मला घावलं, उंद्या दुसऱ्याला घावल. मी आज दडवून ठिवलं, तर उंद्या त्येच्या दारात कुठल्या तोंडानं जाऊ?"

सून सुनीता कारखान्यात टॉवेलच्या घड्या घालायची. स्वभावानं ती वाईट नव्हती. पण पालावरची माणसं येत ती जेवणवेळेलाच, आणि दिलीपच्या पगारातून आणलेला किराणा महिना संपायच्या आधी संपायचा. पोरीला चांगल्या शाळेत घालायचं तिच्या मनात होतं. ती मावशींसमोरच मला म्हणाली, "सगळ्यांना वाटत बसलं तर माझ्या पिंकीच्या ताटात काय राहील, तुम्हीच सांगा." मावशीच म्हणाल्या, "तिचंबी खरं हाय." त्यानंतर घरात फ्रिज आला. मावशी त्याच्याकडं पाठ करून बसत. रात्रीची भाजी आत आहे आणि तिकडं पालावर धाकट्या भावाची चूल थंड आहे, हे त्यांच्या मनातून जात नसे. आपण चोरी केल्यासारखं वाटतं, असं त्या म्हणायच्या.

गेल्या थंडीत पिंकी तापानं अंथरुणाला खिळली. बरी होऊन उठली तेव्हा हाडं वर आली होती. सुनीतानं कशीबशी जमवाजमव करून तिच्यासाठी थोडं मटण आणलं. आजारपणात मी पोरीजवळ बसायची, म्हणून मलाही बोलावलं. ताटं वाढली आणि बाहेरून हाक आली, "आक्का."

मावशींचा धाकटा भाऊ बारकू माढ्याकडं उसाच्या राखणीवर असायचा. हाक त्याचीच होती; सोबत बायको होती, पोरं होती. त्यांचं बोलणं आत ऐकू येत होतं. सुनीतानं एकदा पातेल्यात पाहिलं आणि मान खाली घातली. मावशी उठल्या. आम्हाला वाटलं, त्या भावाला आत घ्यायला चालल्या आहेत. त्यांनी लोटलेल्या दाराची कडी आतून लावली आणि तिथंच, कडीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

बाहेर पुन्हा हाक आली, आता हळू. मग एका पोरानं काहीतरी विचारलं, बापानं त्याला दटावलं आणि पावलं लांब गेली. माझ्या ताटात रस्सा होता. सख्खा भाऊ बाहेर आणि शेजारीण आत. मला घास घेता येईना, आणि ताट सारून उठताही येईना.

दार उघडलं तेव्हा बाहेरच्या कोयंड्याला एक पिशवी अडकवलेली दिसली. आत मधाचं पोळं होतं, नुकतंच काढलेलं. बारकू जेवायला आला नव्हता. बहिणीचा वाटा पोचवायला आला होता.

मावशींनी त्या मधाला तोंड लावलं नाही. पिंकीला दिला, मला दिला, रांगेत वाटून टाकला. बोट चाटून बघा म्हटलं तर म्हणाल्या, "माज्यानं गिळवत न्हाय." पुढं त्यांचं खाणंच कमी होत गेलं. दिलीप डॉक्टरकडं चला म्हणाला, तर त्या म्हणाल्या, "मला बारकूकडं नेऊन सोडा." दिलीपला रजा मिळेना, म्हणून मी त्यांना घेऊन एसटीनं माढ्याला गेले.

बारकूचं पाल उसाच्या फडाशेजारी होतं. भावजयीनं पोतं अंथरलं, पाणी दिलं. त्या दिवसाचा विषय कोणी काढेना. शेवटी बारकूच म्हणाला, "त्या दिशी तुमी कुटं गावाला गेलता व्हय? आमी येऊन गेलो."

कडी आतून होती हे त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्यानं बहिणीपुढं एक पळवाट ठेवली होती, एवढंच.

मावशी म्हणाल्या, "घरातच हुते. कडी मीच लावली."

बारकू चुलीत काटक्या सारत राहिला. "पोर आजारी हुती न्हवं तुजी? मग लावावी लागती."

मावशींनी पदर तोंडाला लावला. भावजयीनं कालव्यातले मासे शिजवले होते, थोडेच. पहिला वाटा तिनं मावशींपुढं ठेवला, दुसरा माझ्यापुढं. काहीच घडलं नसल्यासारखं सगळं चाललं होतं. त्या दोघांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं मला जेवताना वाटत होतं. मावशींनाही वाटत असावं. त्या बराच वेळ नुसत्या वाट्याकडं बघत होत्या, मग खाली बघूनच जेवल्या.

मी निघाले तेव्हा त्या उठल्या नाहीत. "मी हितंच ऱ्हाते," म्हणाल्या. "सुनीताला सांग, तू दार लावत जा, तुजं बरोबर हाय. पर मला त्या दाराच्या आत बसवत न्हाय."

उन्हाळा संपता संपता मावशी तिथंच वारल्या.

मावशींना तिथं सोडून त्या दिवशी मी माढ्याहून परत आले, तेव्हा सुनीता पिंकीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. मी तिला निरोप सांगितला, की मावशींना राग नाही, दार लावत जा म्हणाल्या, तुझं बरोबर आहे म्हणाल्या. तिनं डोळे पुसले. मग विचारलं, "आणि काही म्हणाल्या?"

"नाही," मी म्हटलं.