भोपळा आधी कुणाला

ओफेलियाबाईंच्या हातच्या माटे चहाचा पहिला गरम घोट अकरा वर्षं एल्बिओ तेचेराचा होता. त्रेइंता-इ-त्रेस गावातल्या त्या चिमुकल्या इंटरनेट कंपनीत मालकीणबाई रोज सकाळी वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातल्या कडू पाल्यावर गरम पाणी ओतून, नळी खोचून, तो भोपळा आधी त्याच्यापुढे धरायच्या; मग तोच सगळ्यांत फिरायचा. राजधानी मोंतेव्हिदेओहून यानिना नवी कामाला आली आणि भोपळ्याची दिशाच बदलली.

"घे गं पोरी, प्रवासानं दमली असशील."

"महिना झाला तिला येऊन," एल्बिओ पुटपुटला. "अजून दमलेलीच?"

"तुझ्या पोटात का दुखतंय रे?"

एल्बिओनं आपला घोट संपवला आणि भोपळा परत देताना ठासून म्हणाला, "आभार." इथे भोपळा देताना आभार मानायचे म्हणजे पंगतीतून उठायचं. बाईंच्या भुवया वर गेल्या. मग म्हणाल्या, "जुनं संगणकाचं यंत्र शाळेला देऊन टाकायचं. आलेख नव्यावर यानिना हलवेल."

एल्बिओचे आलेख! गावाच्या कुठल्या तारेतून कधी किती इंटरनेट वाहिलं, त्याची रेघन् रेघ त्यानं राखलेली. आणि हलवणार ही?

दुसऱ्या सकाळी तो सगळ्यांच्या आधी पोचला. फायली जशाच्या तशा नव्या यंत्रावर उतरवल्या, जुन्याच्या वायरी उपटल्या, ते धूड दाराशी नेऊन ठेवलं. मग ऐटीत बसून आलेख उघडला.

पडदा कोरा. खाली एकच ओळ: ही फाईल वेगळ्या बांधणीच्या यंत्रावर तयार झालेली आहे.

तेवढ्यात यानिना दारात ठेचकाळली. "अगंबाई! हे इथे कुणी आणलं, एल्बिओकाका?"

एल्बिओनं पडद्यात डोकं घातलं. काम तिच्या नावावर होतं. आलेख गेले तर बोल तिलाच लागला असता, आणि भोपळा पुन्हा आपल्या वाटेला. बाहेर शाळेच्या गाडीचा भोंगा वाजला. दोन माणसं आत आली, वाकली, यंत्राला हात घातला.

"ए, ठेवा ते खाली!" एल्बिओ असा ओरडला की माणसं दचकली. "माझी नदी आहे त्यात!"

यानिनानं पडदा पाहिला आणि ओळखलं. "फायली नुसत्या उचलून टाकल्यात होय? काका, जुन्याचे आकडे नव्याला वाचता येत नाहीत. जुन्याकडूनच ते साध्या अक्षरांत लिहवून घ्यायचे, मग नवं त्यावरून आपली फाईल बांधतं."

"माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"विचारलंत कधी?"

दोघांनी मिळून धूड परत आत ओढलं. जुन्यानं घरघरत सगळं ओकलं, नव्यानं गिळलं, आणि रेघ उमटली.

"हा उंचवटा कसला?" यानिनानं बोट ठेवलं.

"नदी चढली होती. सगळं गाव इंटरनेटवरून एकमेकांना शोधत होतं. तेव्हा डोंगराएवढा होता. ही फाईल जुन्या दिवसांची सरासरी काढत जाते ना, झिजला आता."

"नुसती रेघ बघून मला कळलं नसतं हो."

ओफेलियाबाई भोपळा घेऊन आल्या. दिला यानिनाला. एल्बिओची पाळी आली तेव्हा नळी गुरगुरेपर्यंत त्यानं ओढलं. 'आभार' जिभेवर आलं होतं, गिळलं.

"पाणी कोमट झालंय, बाई," भोपळा परत देत तो म्हणाला. "गरम घोट ही पहिल्याची चैन असते."