सगुणाबाईच्या गळ्याला टाका नाही

आंबेनळी घाटाच्या वरच्या धनगरवाडीतली सगुणाबाई मुंबईला लेकाकडे जाऊन गळ्यातली थायरॉईडची गाठ काढून आली, आणि घरी पाऊल टाकताच तिची पंचाईत झाली. गळ्यावर साधा ओरखडाही नव्हता!

चांगली लिंबाएवढी गाठ. डॉक्टरांनी खालच्या ओठाच्या आतून तीन बारीक भोकं पाडली, दुर्बीण घातली आणि तिथूनच गाठ बाहेर ओढली. वर बजावलं, पंधरा दिवस हंडा-भारा उचलायचा नाही. आता बघा, लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण बाईला सलग दोन दिवस बसायला मिळालेलं नाही. त्या पंधरा दिवसांवर तिचा सारा जीव!

पण वाडीचा विश्वास टाक्यांवर. शेजारच्या तुळजाबाईच्या पोटावर वीतभर व्रण. त्याच्या जोरावर चार वर्षं तिनं हंड्याला हात लावलेला नाही. पाहायला येणारा जो तो बिस्किटाचा पुडा ठेवी आणि सगुणाबाईची मान न्याहाळी, बाजारात बैल बघावा तशी.

"कुठं कापलंय गो?" तुळजाबाईनं विचारलं.

"आतनं. तोंडातनं काढली."

"म्हंजे थुकलीस?"

सगळे खदखदून हसले. नवरा रायबा म्हणाला, "तोंडात हत्यारं घातली आन् जीभ तशीच ठेवली? डाक्टर कच्चा हाय."

"लेकाकडं पाव खाऊन आली ही," तुळजाबाईनं निकाल दिला. "उद्या जा पाण्याला."

रायबानं लगेच रिकामा हंडा उंबऱ्याशी आणून ठेवला. सगुणाबाई चवताळली. हातात चहाची बशी, तोंडानं सरबत्ती! चहाची धार हनुवटीवरून थेट लुगड्यावर, पण बाईंना पत्ताच नाही.

"सांडतोय गो चहा!"

"कुठं?"

तुळजाबाईचे डोळे बारीक झाले. तिनं सगुणाबाईच्या हनुवटीला चिमटा काढला, वर पिळलाही. सगुणाबाईचं बोलणं चालूच! मग सगळेच डोळे फाडून तिच्याकडे बघू लागले.

"काय झालं? बघताय काय असं?"

"चिमटा काढला मी तुला."

"कवा?"

"डाक्टर बोललेला, थोडे दिवस हनुवटी बधिर राहील," सगुणाबाई म्हणाली. "मलाच इसर पडला."

मग काय, रांगच लागली. पाहायला आलेल्या सगळ्यांनी एकेक चिमटा काढून खात्री केली. रायबानं तर दोन काढले. अशी संधी त्याला अठ्ठावीस वर्षांत मिळाली नव्हती.

"ऑपरेशन खरं हाय," तुळजाबाई गंभीरपणे म्हणाली. मग रायबाकडे वळली. "भावजी, तिसरा चिमटा कसला काढताय? उचला हंडा!"