वरच्या मजल्यावरचं श्रीक्षेत्र

ब्रह्मदेशातल्या एका पडक्या तटबंदीची काळजी नाशकात बसून वाहणारा माणूस या पृथ्वीतलावर एकच आहे, आणि तो इंदिरानगरात आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. सरकारी कचेरीत आरेखक म्हणून नकाशे काढता काढता या काकांना कुठल्याशा मासिकात इरावती नदीजवळच्या श्रीक्षेत्र नावाच्या प्राचीन नगरीचा नकाशा दिसला, आणि ते मनानं तिथले रहिवासीच झाले. विटांचा भला मोठा गोलसर तट आणि आत हरिविक्रम, सूर्यविक्रम असे राजे. काका त्यांच्याबद्दल असं बोलतात, की मंडळी आत्ताच चहा घेऊन गेली असावीत.

तिथल्या विटांवर घडवणाऱ्यांच्या बोटांच्या खुणा आहेत, हे वाचल्यापासून काकांना वीट दिसली की ती उलटून पाहावीच लागते. आमच्या गल्लीतल्या एका बांधकामावर त्यांनी अर्धा तास विटा तपासल्या. मुकादमाला वाटलं, महापालिकेचे साहेब आले; त्यानं घाईघाईनं खुर्ची आणि लिंबू सरबत मागवलं. नाशकातल्याच द्वारका चौकात आमची रिक्षा अडकली, तेव्हा काका म्हणाले, "श्रीक्षेत्राच्या वेशी आतल्या बाजूला वळवलेल्या होत्या. येणारा आपोआप सावकाश व्हायचा." रिक्षावाला वळून म्हणाला, "इथं अजून किती सावकाश करायचं, काका? लय टाइम झाला, हलतच नाय." काकांनी ही तक्रारही गंभीरपणे ऐकून घेतली.

तिथे ते कधीच गेले नाहीत. पासपोर्ट दोनदा काढला, पण एकदा लेकीचं लग्न आलं आणि एकदा काकूंचे गुडघे. काकू हसून म्हणायच्या, "ह्यांचं अर्धं आयुष्य कचेरीत गेलं, अर्धं ब्रह्मदेशात. मी आपली मधल्या वेळची!" काकाही हसायचे.

मग काकू गेल्या. तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या आणि काकांनी ते मडकं घरी आणून नकाशांच्या टेबलावर ठेवलं. नातेवाइकांच्या अंगावर काटाच आला. नवव्या दिवशी लेक खाली आमच्याकडे आली. "दादा, उद्या दहावा आहे आणि बाबा अस्थी सोडायला नाहीच म्हणताहेत. तुमचं ऐकतील ते."

मी वर गेलो. काका म्हणाले, "त्या राजांची नावं आपल्याला कळली कशी? अस्थी दगडी कलशात ठेवून वर नाव कोरलं होतं म्हणून. नदीत सोडल्या असत्या, तर कोण हरिविक्रम आणि कोण सूर्यविक्रम!"

"काका, काकू काही राणी नव्हत्या," मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली.

"मग तर लिहायलाच पाहिजे. राजांचं काय, कुणीही लिहितं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, की रामकुंडावर गुरुजींकडे घराण्यांच्या वह्या असतात, पिढ्यान्‌पिढ्यांची नावं असतात त्यांत. काकांनी पहिल्यांदा मान वर केली.

"शाई कुठली वापरतात?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी लांबलचक वही काढली, काकांचं खानदेशातलं मूळ गाव शोधलं आणि पान उलगडलं. तिथे काकांच्या आजोबांची सही होती. गुरुजी लेखणी उचलणार, तोच काका म्हणाले, "मी लिहितो." नकाशावर गावांची नावं घालावीत तशा सरळ, एकसारख्या अक्षरांत त्यांनी लिहिलं: मालती. वीस वर्षं मी त्या बाईंच्या हातचं खाल्लं, हाक मारली ती काकू म्हणूनच. त्यांचं नाव मला त्या सकाळी कळलं आणि माझी मलाच लाज वाटली.

मागचा माणूस कुरकुरला, "आवरा की बाबा!" पण शाई वाळेपर्यंत काकांनी वही मिटू दिली नाही. मग ते पाण्यात उतरले आणि अस्थी सोडल्या. वर आले ते ओल्या कपड्यांनी थेट गुरुजींपाशी.

"तिच्याखाली एक ओळ मोकळी ठेवा," ते म्हणाले. "अक्षर मात्र नीट काढा. तेव्हा मी नसेन लिहायला."