एका रक्ताचे दोघे

हिवाळ्याच्या सकाळी अंजूरच्या खाडीवरून ओल्या चिखलाचा खारट वास येतो आणि गोदामांच्या पत्र्यांवर ऊन चढेपर्यंत माझ्या ओटीवर रेंगाळतो. त्या वासात माझा धाकटा भाऊ, धर्मा, भिंतीला टेकून बसलेला असतो. मधुमेहाने त्याची दृष्टी अधू केली. आता स्मृतीही ओहोटीसारखी मागे सरत चालली आहे.

मी चौथी शिकलेला, पण देहाचा मला भारी गर्व. धर्माला साखर लागली तेव्हा चारचौघांत मीच म्हणालो होतो, "बसून खाल्लंस, त्याचा फल हाय यो. मी नांगर धरला, मना बघ!" तो नुसता हसला होता.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते निराळंच. पेशीत एक एन्झाइम निरोप्याचं काम करतं. साखर आत घ्या, हा इन्सुलिनचा निरोप ते पुढे नेतं, आणि मेंदूत आठवण रुजवायलाही तेच राबतं. ते घडवणारं जनुकच धर्मात जन्मापासून बिघडलेलं. मला आमच्या खाजणातली उघाडी, बांधातलं पाणी आत घ्यायचं दार, आठवली. बांधावरून हाळी द्यावी, दारावरच्या माणसाला ती पोचूच नये, आणि पाणी बाहेर तुंबून राहावं, तसं हे. सख्ख्या भावाचंही रक्त तपासू, बाई म्हणाल्या. मी ताठ्याने दंड पुढे केला. निकाल येईपर्यंतचे दिवस मात्र चोरासारखे काढले.

माझ्यात तो दोष निघाला नाही. "बाबा, तुम्ही सुटलात," मुलगा म्हणाला, आणि छातीत असा आनंद उसळला की शेजारी भाऊ बसला आहे, याचंही भान राहिलं नाही. ज्या देहाचा तोरा मिरवला, तो माझ्या नांगराची कमाई नव्हताच. जमिनीची वाटणी आम्ही बांध मोजून केली होती. ही रक्तातली वाटणी कुणी केली, कोण जाणे.

धर्मा आता रोज विचारतो, "दादूस, तुला न्हाय ना रं यो आजार?"

"न्हाय."

"बरा झाला! मंग माझे वाटचा लारू तूच खा. मना सून देत न्हाय."

विसरून तो उद्या पुन्हा विचारणार, आणि पुन्हा तितकाच सुखावणार. सुनेने माझ्यासाठी ठेवलेला मेथीचा लाडू तो चाचपडत माझ्याकडे सरकवतो. मी तो हातात धरून बसतो. आणि धर्मा अधू डोळ्यांनी, मी खाण्याची वाट पाहत असतो.